ओल्या गोधड्यांची दुपार

"माळ गेली त्याचं काय न्हाई, पण चोर घरातलाच निघाला," मुंजाजी म्हणाले. सुनेकडे बघायचं टाळत त्यांनी चहाचा कप राजेश्रीपुढे सरकवला.

खासगी तपास करणारी राजेश्री परभणीहून जिंतूरजवळच्या या गावात आली होती. सोबत परमेश्वरकाका होते, निवृत्त ग्रंथपाल. तपासातलं त्यांना सगळं सर्वांत शेवटी कळायचं, तरी ती त्यांना सोडून कुठं जात नसे.

परवा मुंजाजींच्या घरी दसरा काढला होता, म्हणजे सणाआधीची घराची साफसफाई. कपाटं, अंथरुणं, भांडी सगळं अंगणात. त्या धांदलीत मुंजाजींच्या बायकोची, सुमनबाईंची, पुतळ्यांची माळ गेली. घरातल्या कॅमेऱ्याचं त्या दुपारचं चित्रणही कुणीतरी पुसलं होतं.

"कॅमेऱ्यांचं, नेटचं हे जाळं कुणी बसवलं?" राजेश्रीनं विचारलं.

"मी," सून रोहिणी ताठ मानेनं म्हणाली. "घराचं जाळं वेगळं, शेतातल्या आखाड्यावरच्या घराचं वेगळं, कॅमेऱ्यांचं वेगळं. आखाड्यावर मोबाइलला रेंज नाही, म्हणून गच्चीवरून अँटेनानं नेट तिकडं नेलंय. आणि चित्रण साठवणाऱ्या कॅमेऱ्याच्या डब्याकडं फायरवॉल फक्त माझ्या लॅपटॉपला जाऊ देते. घरातल्या एकाही मोबाइलला नाही."

"मंग तूच की!" मुंजाजी उसळले.

"मी आखाड्यावर दार लावून काम करत होते, मामा. दुपारभर नेटच नव्हतं."

"नेट नव्हतं म्हणं! सांजच्याला मी बाजारातून आलो तवा तर झकास चालायलं होतं."

परमेश्वरकाकांना वाटलं, पोरीनं स्वतःच्या तोंडानं स्वतःला अडकवलं. फायरवॉल फुटली असेल म्हणाली असती तर सुटली असती. पण ते म्हणायची तिची तयारी नव्हती.

सुमनबाई गच्चीवर होत्या. "समद्या गोधड्या धुऊन वर दोरीवर टाकल्या. ओली गोधडी लय जड असती, बाई. कंबर गेली माझी. वाळस्तोवर तिथंच बसले."

काका गच्ची बघून आले. अँटेनाची थाळी कठड्याला लागून, आखाड्याकडे तोंड करून. तिच्या पुढ्यात रिकामी दोरी.

खाली पुतण्या योगीराज मोटारसायकल पुसत होता.

"मी? मी आखाड्यावर. लिंबाखाली मॅच बघायलो होतो, लाइव्ह, वहिनीच्या वायफायवर. एकदा अडकली न्हाई."

"डब्याचा पासवर्ड तुम्हाला माहीत आहे?"

"आमच्या बैलाचं नाव हाय, ताई. गावातल्या कुत्र्यालाबी ठावं हाय."

कॅमेऱ्याचा डबा टीव्हीखाली होता. त्याला जोडलेला माऊस बाहेर लोंबत होता. राजेश्रीनं तो उचलला आणि परत ठेवला.

मग तिनं सुमनबाईंच्या कानात काहीतरी सांगितलं आणि बाकी सगळ्यांना आखाड्यावर नेलं.

"योगीराज, लावा परवाची मॅच."

मॅच लागली. राजेश्रीनं गच्चीकडे हात केला. सुमनबाईंनी दोरीवर भिजवलेल्या गोधड्या टाकल्या. पडद्यावरचा गोलंदाज हात वर करून तसाच थिजला. वर्तुळ फिरत राहिलं.

"ओल्या गोधडीतल्या पाण्यातून अँटेनाची लहर जात नाही," राजेश्री म्हणाली. "परवा दुपारभर इथं नेट नव्हतं. रोहिणी खरं बोलली. मग लाइव्ह मॅच तुम्ही कुठं बघितली?"

योगीराजनं मोबाइल खिशात घातला.

"पण राजेश्री," काका गोंधळले, "डब्यापाशी दुसरं कुणी जाऊच शकत नाही ना?"

"वायफायवरून नाही, काका. फायरवॉल म्हणजे वाटेवरची चौकी. जो डब्यासमोरच बसला, त्याला वाट कुठं लागते? माऊस जोडलेला, पासवर्ड गावाला पाठ. मुंजाजी बाजाराला, सुमनबाई गच्चीवर, रोहिणी इथं. घरात एकटे तुम्ही होता, योगीराज. दोष वहिनीवर जाईल हेही तुम्हाला माहीत होतं, कारण फायरवॉलचं कौतुक ती घरभर सांगत होती."

"मजाक केली, तात्या…" योगीराज मुंजाजींना म्हणाला. घरी परतल्यावर माळ त्याच्या मोटारसायकलच्या सीटखालून निघाली.

मुंजाजींनी ती हातात धरली, पण बघितलं सुनेकडे.

"म्हंजे तुझं काम पक्कं होतं?"

"पक्कं होतं, मामा. थाळी तेवढी दोरीपेक्षा खाली बसवली मी. ती चूक माझी."

गावाच्या मधोमध, सगळ्या आळीला दिसेल अशा गच्चीवर, मुंजाजी पटका सावरत शिडीवर चढले. हातात लोखंडी पाइप होता, टोकाला अँटेनाची थाळी. शेजारच्या बायनाबाईनं खालून विचारलं, "काय चाललंय, पाटील?"

"आमच्या सुनंच्या हाताखाली काम करायलोय!" मुंजाजी ओरडले. मग खाली वाकून म्हणाले, "सांग पोरी, किती वर धरू?"