वीस आले, वीस गेले

मुलीने खुर्ची मागे ओढली, आणखी मागे ओढली, थेट भिंतीला टेकवली आणि मगच बसली. त्या दिवसांत सगळेच तसे बसत.

"माझ्या बाबांनी आईला मारलं, असं लोक म्हणतात," ती म्हणाली. "ते खोटं आहे एवढं मला सिद्ध करून द्या."

मास्तरांची पेन्सिल थांबली. ते चित्रकलेचे शिक्षक. साथीने शाळा बंद पडल्यापासून आत्याच्या तपासांची टिपणं काढायचं काम त्यांनी अंगावर घेतलं होतं. ती त्यांची सख्खी आत्या. पण चाळीस वर्षं खाजगी तपास केल्यावर ती साऱ्या जगाचीच आत्या झाली होती.

"पहिल्यापासून सांग," आत्या म्हणाली. "आणि रडायचं असेल तर आत्ताच रडून घे. मधे रडलीस की आमचा मास्तर लिहायचं विसरतो."

मुलगी रडली नाही. तिने सरळ सांगितलं.

तिचे वडील छोट्या पालिकेत कारकून. पालिका कसली, अध्यक्ष, कारकून, मुकादम, दवाखान्याची सिस्टर आणि नळखात्याची दोन माणसं, एवढाच कारभार. पालिकेच्या शाळेत तीस खाटा टाकून आजाऱ्यांची सोय केलेली. दर गुरुवारी जिल्ह्याहून टेम्पो यायचा. ऑक्सिजनचे वीस भरलेले सिलेंडर उतरवायचा, वीस रिकामे घेऊन जायचा. गेल्या गुरुवारी दुपारी तो आला, गेला, बाबांनी सही केली. संध्याकाळी पाच वाजता सिस्टरने कोठारातला नवा सिलेंडर लावला. रिकामा. दुसरा, रिकामा. विसाच्या वीस रिकामे. सहा ते आठ या वेळात नऊ माणसं गेली. तिची आई तिसरी.

"आणि लोक म्हणतात, भरलेले सिलेंडर बाबांनी बाहेर विकले आणि त्या जागी रिकामे ठेवले. परवा शुक्रवारी सुनावणी आहे. मग तुरुंगच."

"बाबा काय म्हणतात?"

"काहीच नाही. तोंडाला कुलूप. मी तुमच्याकडे येते म्हटल्यावर मात्र बोलले. म्हणाले, शोधू नकोस."

आत्याने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. मुलीच्या निळ्या कपड्यांवर जागोजागी पांढरट ठिपके पडले होते. बोटांच्या टोकांची सालं निघाली होती.

"तू आईजवळ होतीस?"

"आत कुणाला सोडत नव्हते. मी शाळेच्या दारात स्वयंसेवक म्हणून उभी राहायचे, पाळीपाळीने. तिथून आईची खिडकी दिसायची. ती हात वर करायची."

मग मात्र ती रडली, आणि मास्तर लिहायचं विसरले.

*

अध्यक्षांचं चपलांचं दुकान होतं. लोकांनी आग्रह केला म्हणून उभे राहिले आणि निवडून आले. आता ते फायलींच्या ढिगामागे बसले होते, चार दिवसांची दाढी वाढलेली.

"जिल्ह्याची मदत बघायचीय? ही बघा!" त्यांनी एक जाडजूड फाइल आपटली. "सदतीस परिपत्रकं. एकेक आलं की पाळायचं. नाही पाळलं तर पुढच्या गुरुवारचा टेम्पो बंद. माणूस द्या म्हटलं, एक तरी जाणता माणूस द्या, तर अडतिसावं परिपत्रक येईल."

"शेवटचं कधी आलं?" आत्याने विचारलं.

"सदतिसावं? गेल्या बुधवारी. निर्जंतुकीकरण. बाहेरून आलेली वस्तू हात लावण्याआधी ब्लीचिंगच्या पाण्याने धुवावी, वगैरे. अहो, ते सोडा. कारकुनाने हजेरीवहीतलं त्या गुरुवारचं पान फाडलंय. कुठल्या स्वयंसेवकाची पाळी होती, ते कळू नये म्हणून. साथीदार असणार, दुसरं काय?"

"की अशी काही माणसं पान फाडतात, ज्यांना स्वतःला वाचवायचं नसतं?"

"मग कुणाला?" अध्यक्षांनी विचारलं. आत्या शाळेकडे निघाली.

शाळेच्या व्हरांड्यात सिस्टर औषधांची खोकी कापत बसली होती. खोकी धुतलेल्या पाटीसारखी कोरी.

"उघडल्याशिवाय आत काय आहे ते समजत नाही," ती म्हणाली. "गेल्या आठवड्यापासून सगळी अशीच येतात. काल खोकल्याचं औषध म्हणून उघडलं, तर मलमाच्या डब्या."

"सिलेंडर भरलेला की रिकामा, हे तुम्ही कसं ओळखता?"

"भरलेल्याच्या मानेला हिरवी कागदी चिठ्ठी डकवलेली असते. लावला की मी चिठ्ठी फाडते. म्हणजे बिनचिठ्ठीचा तो रिकामा. दाब बघायचा काटा आमच्याकडे एकच. तो आत, पेशंटपाशी."

"गुरुवारच्या त्या विसांना चिठ्ठ्या होत्या?"

सिस्टरने कात्री खाली ठेवली. "आत माणसं तडफडत होती, आत्या. कोठारातलं ते भरलेलं, एवढंच डोक्यात. नसतीलच. रिकामे आणून ठेवणारा चोर चिठ्ठ्या कशाला डकवेल?"

दाराजवळच्या गटाराच्या जाळीत हिरवा लगदा अडकला होता. आत्याने केसातला आकडा काढून तो उचलला.

"शेवाळं आहे," मास्तर म्हणाले.

"असेल," आत्या म्हणाली आणि ते शेवाळं रुमालात बांधून घेतलं.

मुकादम धिप्पाड माणूस, पण बोलताना भिंतीचा आधार घेत होता. "वीस मीच उतरवले. हिरव्या चिठ्ठ्यांचे. दारापाशी उभे केले. रिकामे वीस पलीकडे भिंतीला होते. तेवढ्यात हाक आली, एक बाई गेली म्हणून. उचलायला मी एकटाच. जाता जाता नळखात्याच्या दोघांना सांगितलं, बिनचिठ्ठीचे वीस गाडीत चढवा, बाकीचे कोठारात."

"ते दोघे कुठे भेटतील?"

"एक गेला परवा. दुसऱ्याच्या नाकातोंडात नळ्या आहेत. विचारून बघा."

त्याने हे टोमणा म्हणूनही म्हटलं नाही. नुसतंच म्हटलं.

टेम्पोचा ड्रायव्हर जिल्ह्याच्या कचेरीच्या आवारात चहा पीत होता. आत्याला बघून लांबूनच ओरडला, "मला विचारू नका! केबिनमधून उतरायचं नाही असा हुकूम आहे. आरशात बघितलं. पांढऱ्या फाटक्या पिशवीत गुंडाळलेलं कुणीतरी पाठीवर पंप घेऊन फवारत होतं, ब्रश मारत होतं. बाई की बाप्या, देवाला ठाऊक."

"रस्ता कसा आहे तिकडचा?"

"खड्डेच खड्डे! जाताना ठीक. येताना ते रिकामे सिलेंडर एकमेकांवर आपटून असे घणघणतात की कानात बोळे घालतो. बायको म्हणते बहिरा झालास."

"गेल्या गुरुवारीही?"

"गेल्या गुरुवारी..." ड्रायव्हरने डोकं खाजवलं. "त्या दिवशी येताना रेडिओ लावला होता. बातम्या ऐकल्या पूर्ण. आमच्याकडचा आकडा ऐकला आणि वाटलं, बरं झालं, आपण निदान पोचवतो तरी."

मग आत्याने त्याच आवारातून सिलेंडर भरण्याच्या कारखान्याला फोन लावला. मास्तरांना एकाच बाजूचं ऐकू आलं. "काटा बिघडला? ... बदललात? ... कधी? ... नवा काटाही तसाच?"

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"काही नाही. चांगला काटा फेकून दिला त्यांनी."

शेवटी कारकून. घराच्या एकाच खोलीत दिवा होता. त्याच्यासमोर जेवणाचं ताट तसंच होतं, झाकलेलं.

"वीस आले, वीस गेले," तो म्हणाला. "सही माझी. मी कचेरीच्या खिडकीतून मोजले."

"तुमच्या खिडकीतून शाळेचं दार दिसतं ना?"

कारकुनाने पहिल्यांदा मान वर केली. मास्तरांनी पुष्कळ चेहरे काढले होते. असा काढला नव्हता.

"आत्या, तुमच्या पाया पडतो. तिला सांगा, काही सापडलं नाही."

*

गुरुवारी सकाळी शाळेच्या व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या. दोन हातांचं अंतर सोडून अध्यक्ष, सिस्टर, मुकादम, कारकून आणि त्याची मुलगी बसली. मास्तर पायरीवर, वही गुडघ्यावर.

"चोरी झालीच नाही," आत्या म्हणाली. "भरलेले वीस सिलेंडर आले, आणि तेच वीस, तसेच भरलेले, परत गेले."

अध्यक्ष उभे राहिले. "काय बोलताय? परत गेले?"

"बसा. ड्रायव्हर सांगतो, रिकामे सिलेंडर परतीच्या वाटेवर घणघणतात, कानात बोळे घालावे लागतात. त्या गुरुवारी त्याने रेडिओवर बातम्या ऐकल्या. भरलेला सिलेंडर आपटला तर वाजत नाही, नुसता दबका ठोका येतो. संध्याकाळी कारखान्यात ते वीस जोडले, तर काटा सुरुवातीपासूनच टोकाला. त्यांना वाटलं काटा बिघडला. नवा लावला, तोही टोकालाच. सिलेंडर आधीच भरलेले असतील, हे कुणाच्या मनात कसं येणार?"

"पण नळखात्याच्या माणसांना मी सांगितलं होतं," मुकादम म्हणाला. "बिनचिठ्ठीचे चढवा."

"त्यांनी तुमचं ऐकलं. पण चाळीसही बिनचिठ्ठीचे होते. त्यांना सिलेंडरमधलं काय कळतं? वीस सांगितले, वीस मोजले. दाराजवळचे, हाताशी येतील ते." आत्याने रुमाल उघडला. हिरवा लगदा वाळून कडक झाला होता. "हे मास्तरचं शेवाळं. कागद आहे. चिठ्ठ्या. सिस्टर, तुमची खोकी कधीपासून कोरी येतात?"

सिस्टरचा हात तोंडाशी गेला. "गेल्या आठवड्यापासून."

"बुधवारी सदतिसावं परिपत्रक आलं. बाहेरून येणारं सगळं धुवा. त्याआधी सिलेंडर कुणी धुतले नव्हते. चिठ्ठी ही खूण तुमची, धुणं हा हुकूम जिल्ह्याचा. दोन्ही एकत्र आल्यावर काय होईल, हे बघायला माणूस नव्हता. तुम्ही मागितला होतात, अध्यक्ष. मिळाला नाही."

"मग कारकून बोलला का नाही?" अध्यक्षांचा आवाज चिरकला. "हजेरीचं पान का फाडलं?"

आत्याने चष्मा काढला. मास्तरांनी पाहिलं, ती मुद्दाम चष्मा पुसत होती. चष्मा स्वच्छ होता.

"पुरे!" कारकून म्हणाला. "आत्या, पुरे. मी विकले. लिहून घ्या. मास्तर, लिहा. मी विकले."

मास्तरांना अजूनही उमगलं नव्हतं. चोरी झाली नाही असं आत्ताच ठरलं, मग हा माणूस आत्ता का कबूल करतोय? कुणापासून लक्ष दूर ओढतोय?

मग त्यांनी मुलीकडे पाहिलं. ती आपल्या बोटांकडे बघत होती. सालं निघालेली बोटं. मग निळ्या कपड्यांवरचे ठिपके. एकेक ठिपका तिने बोटाने चाचपला, मोजल्यासारखा.

"चिठ्ठ्या निघत नव्हत्या नीट," ती म्हणाली. "डिंक पक्का होता. मी ब्रशने घासून काढल्या. मला वाटलं, कागदाखाली जंतू राहतील." मग म्हणाली, "आईने खिडकीतून हात केला होता. मी पण केला. ब्रश होता हातात."

सिस्टर उठून आत गेली. आत कुणी हाक मारली नव्हती.

"तुला सांगितल्याप्रमाणेच तू केलंस, पोरी," अध्यक्ष शेवटी म्हणाले. त्यांनी सदतीस परिपत्रकांची फाइल उचलली, मांडीवर ठेवली, पुन्हा खाली ठेवली.

कारकून खुर्चीवरून उठला. दोन हातांचं अंतर ओलांडून मुलीच्या पायाशी, फरशीवर बसला. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"त्याच संध्याकाळी. कोठारातले सगळे कोरडे होते. दारातले ओले गेले होते."

"म्हणून शोधू नकोस म्हणालात."

"हो."

"बाबा, मी यांना घेऊन आले. मीच घेऊन आले."

दारात हॉर्न वाजला. गुरुवार होता, टेम्पो आला होता. मुकादम भिंतीला धरून उठला. वीस सिलेंडर एकेक करून उतरले, हिरव्या चिठ्ठ्या मानेवर. पंप आणि ब्रश दाराच्या कोपऱ्यात पडून होते. त्यांच्याकडे कुणी गेलं नाही. सिस्टर बाहेर आली, काटा बरोबर घेऊन, आणि विसाच्या वीस तपासले. मग भिंतीकडचे वीस गाडीत चढले.

मास्तरांनी वही मिटली. "आत्या," ते हळू म्हणाले, "तू थांबायला हवं होतंस."

"ती बापाला वाचवायला आली होती. तो वाचला." आत्याने चष्मा चढवला. "मला वाटलं होतं, तेवढ्यावर थांबवता येईल. नाही आलं."

टेम्पो निघाला. कोपऱ्यावरच्या पहिल्याच खड्ड्यात वीसही सिलेंडर एकमेकांवर आपटून घणघणले, मग दुसऱ्या खड्ड्यात, मग लांब रस्त्याला लागल्यावर सलग. मुलीने मान वर केली आणि ऐकत राहिली. आवाज पार विरेपर्यंत ती ऐकत राहिली.