विकायची नसलेली खुर्ची

जुन्या वस्तूंच्या त्या बाजारात साठ गाळे होते, पण गिऱ्हाइकाचे पाय वळायचे ते काकूंच्या गाळ्याकडे. इतरांनी माल नुसता रचून ठेवलेला. काकू खोली मांडायच्या. आरामखुर्ची, शेजारी दिवा, तिपाईवर उघडं पुस्तक, पुस्तकावर चष्मा. "कुणीतरी आत्ताच उठून आत गेलंय असं वाटलं पाहिजे," त्या म्हणायच्या. "मग गिऱ्हाईक रेंगाळतं, आणि रेंगाळलं की घेतं." शेजारचा घड्याळवाला यावर नाक मुरडायचा. पण त्याचीही घड्याळं काकूंच्या तिपाईवर ठेवली की हातोहात खपायची.

खुर्ची, पुस्तक आणि चष्मा मात्र विकायचे नव्हते. ते काकांचे. काका जुन्या खुर्च्यांना गाद्या शिवायचे, फाटकी पुस्तकंही बांधून द्यायचे. टाका त्यांचा ठरलेला: एक मागे, दोन पुढे, शेवटी दुहेरी गाठ. गेल्या वर्षी हे पुस्तक वाचून अर्धं राहिलं आणि काका गेले. काकूंनी ते त्याच पानावर उघडं ठेवलं. एकशे बेचाळीस.

एका सोमवारी शटर वर केलं तर पान होतं एकशे एक्कावन्न. गादीला खोलगट खड्डा.

"उंदीर असेल," घड्याळवाला म्हणाला.

"उंदीर पानं उलटतो होय रे?" काकू हसल्या. पण गादीवर ठेवलेला हात त्यांना उचलवेना. गादी कोमट होती.

मग रोजच. कधी आठ पानं, कधी दहा. काकू कुणाला बोलल्या नाहीत. लोकांनी वेड्यात काढलं असतं. सकाळी दिवा पुसता पुसता विचारायच्या, "काय, कुठवर आलं?" वर्षभर बेचव लागलेला चहा पुन्हा चहासारखा लागू लागला. धंदा तर असा की दुपारीच निम्मा गाळा रिकामा. गिऱ्हाइकं आत शिरली की आपोआप हळू बोलायची, आणि त्या खुर्चीत मात्र कुणी बसायचं नाही.

एक दिवस काकूंनी उरलेली पानं मोजली. तीस. काकांची सवय त्यांना ठाऊक होती. पुस्तक संपलं की मिटायचं, काड्या दुमडून चष्मा वर ठेवायचा आणि उठून जायचं.

त्यांनी शेजारी दुसरं जाडजूड पुस्तक ठेवलं. त्याला कुणी हातही लावला नाही. मग पहिल्याच पुस्तकाची पन्नास पानं मागे उलटली. दुसऱ्या दिवशी ती जागच्या जागी. काका थोडेच फसणार? उभ्या आयुष्यात त्यांना कुणी नवं कपाट जुनं म्हणून विकू शकलं नव्हतं.

शेवटची चार पानं उरली तेव्हा काकूंनी अखेरचं पान फाडलं. चाळीस वर्षांत जुन्या वस्तूला त्यांनी साधा ओरखडा येऊ दिला नव्हता. पान घरी नेलं, उशीखाली ठेवलं.

सकाळी गाळ्यातल्या प्रत्येक कपाटाचा, प्रत्येक टेबलाचा खण चार बोटं उघडा होता.

घड्याळवाल्याचा चेहरा उतरला. "काकू, काही गेलं का?"

"नाही. शोधत होते."

"कोण?"

काकू एकेक खण आत ढकलत राहिल्या. तो त्याच्या गाळ्यात गेल्यावर खुर्चीकडे न बघता म्हणाल्या, "माझ्याकडे आहे. देणार नाही मी. अजून थोडे दिवस बसा ना हो."

त्या रात्री त्यांना फार दिवसांनी गाढ झोप लागली.

जाग आली तेव्हा उशीखाली पान नव्हतं. चादर झटकली, पलंगाखाली पाहिलं. नाही. केस न विंचरताच त्या बाजारात आल्या.

पुस्तक मिटलेलं. चष्मा वर, काड्या दुमडून.

गादी सपाट होती. गार.

काकू खुर्चीत बसल्या, वर्षभरात पहिल्यांदाच, आणि पुस्तक शेवटाकडून उघडलं.

पान जागेवर होतं. शिवलेलं. एक टाका मागे, दोन पुढे, दुहेरी गाठ.

त्यांनी टाक्यांवरून बोट फिरवलं. दोरा नव्हता तो. केस होता, पांढरा, लांब.

काकूंचा हात सावकाश कानामागे गेला. तिथे बोटभर जागा सकाळपासून दुखत होती.