गुहेतली जुगलबंदी

सपाट मुलखात वाढलेल्या सूयुनला डोंगर म्हणजे लांबून बघायची वस्तू वाटायची. इथं तर भातखाचरांतून चुनखडीचे सुळके सरळ वर आलेले, आणि वाट थेट एकाच्या पोटात शिरत होती. सकाळी ती गावात पोचली आणि दुपारी होणाऱ्या सासूबाई, वेई काकू, तिला घेऊन निघाल्या. मुलाच्या मामाला दाखवल्याशिवाय सून पसंत होत नाही, आणि मामाचं गाव डोंगरापलीकडे. वेई काकूंच्या पाठीवर सणाच्या पाचरंगी भाताची टोपली होती.

"गुहेतून गेलं की लगेच पोचतो," काकू म्हणाल्या. "बाहेरून जायचं तर तुझ्या त्या चपला वाटेतच राम म्हणतील. गाता येतं का गं तुला?"

"नाही, काकू."

"गाता येत नाही, तिखट चालत नाही. माझ्या योंगनिंगनं नेमकं पाहिलं तरी काय तुझ्यात?"

सूयुन कसंबसं हसली. ही बाई आपल्याला पदरात घेणार नाही, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

आत गारवा होता. वटवाघळांच्या लेंडीचा उग्र वास नाकात बसला. कुठंतरी खाली पाणी वाहत होतं. छतावरून उतरलेले दगडी खांब बॅटरीच्या उजेडात ओले चमकत होते. सूयुन मान वर करून बघतच राहिली. इतकं सुंदर काही तिनं जन्मात पाहिलं नव्हतं.

"माझी लेक च्यूमेई इथूनच गेली," काकू एकाएकी म्हणाल्या. "वटवाघळांचं खत गोळा करायला आली होती. पाणी चढलं. टोपली सापडली, पोर नाही. दर सणाला मी येते न् इथं उभी राहून गाते. भिंत माझंच मला परत देते."

त्या उभ्या राहिल्या आणि गायल्या. शब्द त्यांच्या डोंगरी बोलीतले होते, सूयुनला कळले नाहीत. भिंतींनी तोच सूर परत दिला, हळूहळू विरला.

आणि मग खालून, पाण्याच्या बाजूनं, दुसरेच शब्द आले. कोवळ्या बाईचा आवाज होता. जरा खट्याळ.

काकूंच्या हातातली बॅटरी सुटली. ठण्णकन आपटली, पाण्यात गेली आणि सगळं काळंकुट्ट झालं.

"काकू... कोण आहे?"

"मी गाण्यात विचारलं, दार न उघडता घरात येतं कोण... ती म्हणाली, नव्या भाताचा वास येतो, आई, अजून कोण..." काकूंना धाप लागली होती. "माझीच आहे. अशीच चिडवायची. जाऊ दे मला."

त्या उतरणीकडे निघाल्या. सूयुननं टोपलीचा पट्टा घट्ट धरला. वारा डाव्या गालाला लागत होता, म्हणजे बाहेरची वाट डावीकडे. काकू मात्र उजवीकडे खेचत होत्या, आणि तिथं पाण्याचा आवाज वाढत चालला होता. सूयुनचे पाय घसरू लागले. ओरडून काही उपयोग नव्हता. गाण्यासाठी निघालेली बाई गाण्यानंच वळली तर वळेल, असं वाटून तिनं भसाड्या आवाजात लावलं. तिची आई शेवया करताना म्हणायची ते, तिच्या गावच्या बोलीत.

"शेवई लांब, वाट लांब..."

खालून उत्तर आलं. त्याच बोलीत.

"लांब गेली लेक माझी, जेवायला थांब..."

आवाज सूयुनच्या आईचा होता. तिचे पाय आपोआप त्या दिशेला वळले. आता काकूंनी तिचं मनगट पकडलं.

"काय म्हणालं ते?"

"माझ्या आईचा आवाज... आमच्याकडचं गाणं आहे."

काकू फार हळू बोलल्या. "माझी पोर डोंगर सोडून कुठं गेली नाही. तिला तुमच्याकडचं गाणं कुठून येणार? ते काहीतरी दुसरंच आहे, बाळ. ज्याला जे हवं ते देतं. चल. मागं बघू नकोस."

वारा गालावर घेत, एकमेकींना धरून दोघी बाहेर आल्या. लख्ख ऊन होतं, खाचरांत बदकं होती. काकू गवतात बसल्या आणि पोटभर रडल्या. मग मामासाठीच्या भाताचा एक घास त्यांनी सूयुनच्या तोंडात घातला. "खा. गातेस अगदी रेड्यासारखी. पण धरतेस घट्ट."

सूयुनला भरून आलं. तिनं लगेच आईला फोन लावला.

"बरं झालं तूच केलास," आई म्हणाली. हात पिठात असावेत. "मघाशी शेवया करत होते, तर वाटलं कुणीतरी आपलं गाणं अर्ध्यावर सोडलंय. म्हटलं, पुरं करून टाकावं."

"काय म्हणाली गं तुझी आई?" काकूंनी विचारलं.

खोटं सांगणं सोपं होतं. सूयुननं खरं ते सांगितलं.

काकूंचा हात टोपलीवरच थांबला. "म्हणजे घरात, चुलीपाशी बसून... जिवंत माणसानं दिलेलं उत्तर?"

"हो, काकू."

त्यांनी वळून गुहेच्या तोंडाकडे बघितलं. पुसलेले डोळे पुन्हा भरले, पण चेहरा उजळला होता. "मग माझी पण कुठंतरी भात शिजवत असेल. आणि ऐक, मी तुला आत सांगितलं नाही. च्यूमेई गात होती ना, तिच्या मागून बोबडं बोबडं कुणीतरी म्हणत होतं. पोर होतं लहान. मला वाटलं, भास झाला."

सूयुननं त्यांचा हात हातात घेतला. तो बोबडा आवाज तिनंही ऐकला होता.