गुलाबी खमीर

मिशनच्या वसतिगृहासाठी पाव भाजणारी लिडिया बिघडलेल्या खमिराचे मडके उकिरड्यावर उपडे करणार, एवढ्यात शिरूरच्या त्या निवांत रस्त्यावर एक सायकल करकचून थांबली.

“थांबा! ओतू नका ते.”

“भूक लागली आहे का तुम्हाला?”

“गुलाबी झालंय ना? मला तेच हवंय.”

नासलेले खमीर मागणारा तरुण लिडियाने प्रथमच पाहिला. नाव जयसिंग, गाव खुटबाव, पुण्याहून रसायनशास्त्र शिकून आलेला. उसाची चिपाडे आम्लाच्या पाण्यात उकळून त्यांची साखर करायची, तिच्यावर हे गुलाबी जीव पोसायचे आणि त्यांच्या अंगात साठेल ते तेल काढायचे, असा त्याचा उद्योग होता.

“जीव... म्हणजे यांना पोट असतं?”

“पोटच असतं. बाकी काही नसतं.”

“मग बरीच ओळखीची माणसं निघतील.”

तो हसला — आणि तिने उगाचच पदरावरचे पीठ झटकले.

पुढे दर रविवारी, उपासना सुटायच्या वेळी, तो खमिराचे क्षेमकुशल सांगायला येऊ लागला. तिच्या वडिलांना, बन्यामीन मास्तरांना, काय समजायचे ते समजले.

तेल निघाले. बोटभर, नारिंगी. ते पाहून खुटबावच्या सोसायटीने शेड दिली तर प्रयोग चालणार होता. नाहीतर जयसिंगला परप्रांतात नोकरी धरावी लागणार होती. त्या सभेला त्याने लिडियालाही बोलावले.

चेअरमन सावळाराम आप्पांनी वात भिजवून दिवा पेटवला. ज्योत उभी राहिली. आप्पा खूश झाले, आणि शेजारणीचे दही चाखणारी बाई विचारते तसे सहज म्हणाले, “ब्येस! ह्याचं इरजण कुणाच्या घरचं रं?”

दारातून लिडियाचे ओठ हलले... पुण्याचं. सांगा, पुण्याचं!

जयसिंगने तिच्याकडे पाहिले.

“शिरूरच्या लिडियाबाईंच्या घरचं, आप्पा. त्या काय, दारात उभ्या आहेत.”

“किरिस्तावाचं? आन् म्या हे द्येवळात लावनार व्हतो!”

मिशनच्या दवाखान्यात दोनदा पोट फाडून घेताना ज्यांचा धर्म शाबूत राहिला होता, त्या आप्पांना बोटभर तेलाने विटाळ झाला. दिवा विझवण्यात आला. शेडचे “फुडं बघू” ठरले. म्हणजे काय, हे सभेतल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

“एका शब्दाचं तर खोटं होतं,” स्टेशनवर दौंडच्या गाडीची वाट पाहताना लिडिया म्हणाली. तिचा आवाज रागाने कापत होता... निदान तिला तो राग वाटत होता.

“त्या शब्दावर शेड उभी राहिली असती. आणि तुम्ही तिथं जन्मभर मागच्या दारानं आला असता.”

“जन्मभर? — मी येणार, हे कुणी ठरवलं?”

“मी. परस्पर.” तो कानापर्यंत लाल झाला. “चुकलं?”

गाडी आली.

“दुपारनंतर आमची भट्टी रिकामी असते,” डब्यात चढत ती म्हणाली. “चिपाडं तिथं उकळा. वडिलांना मी सांगते. तुमच्या आईला मात्र तुम्हीच सांगायचं.”

“ते अवघड आहे.”

“ठाऊक आहे मला.”

फलाटावर सोसायटीचे दोन पंच उभे होते, डोळे फाडून. लिडियाने त्यांच्याकडे एकदा नीट पाहिले, हात पुढे केला आणि जयसिंगला हाताला धरून डब्यात ओढून घेतले.