दहाव्या दिवसाची रोसिना

यामांडू पिंतोसला या प्रेमातून मिळण्यासारखं काय होतं, ते आधीच बघून घेऊ. डोक्यावर एक केस नसलेली, जिभेनं तिखट, कुठलाही वास सहन न होणारी शाळामास्तरीण. तीन आठवड्यांतला एक अंथरुणात जायचा, दुसरा तापमापकाच्या धाकात, आणि तिसरा बरा म्हणावा तोवर पुढची केमो. शहाण्या माणसानं खुर्ची थोडी लांब ओढून बसावं. पण यामांडू शहाणा नव्हता. तो संत्र्यांचा ट्रक चालवायचा.

उरुग्वे नदीकाठच्या आमच्या साल्तो गावात ऑक्टोबरात संत्री फुलतात. त्या गुरुवारी यामांडू आईला, दोन्या एलिदाला, केमोसाठी घेऊन आला आणि आल्या आल्या खिडकी उघडली.

"बंद करा ती!" शेजारच्या खुर्चीतून आवाज आला.

हाताला सलाईन, डोक्याला पिवळा रुमाल... आणि दोन काळे डोळे, वर्गात दंगा झाल्यासारखे रोखलेले.

"फुलांचा वास आहे, बाई. लोक लांबून येतात या वासासाठी."

"मग त्यांना बोलवा. मला उलटी होतेय."

त्यानं खिडकी लावली. जरा वेळानं नाक मुरडत ती म्हणाली, "वास अजून येतोय."

"तो माझ्या शर्टाचा. तोही काढू?"

"यामांडू!" दोन्या एलिदा ओरडली. पण मास्तरीण, रोसिना, हसली, आणि सगळा घोटाळा त्या हसण्यानं केला.

कारण हसलेल्या माणसाला आमच्याकडे लगेच येर्बाचा कडू चहा पुढे होतो. एकच भोपळ्याचा तुंबा, एकच धातूची नळी, ती सगळ्यांच्या तोंडातून फिरते. उष्टं वगैरे आम्ही मानत नाही. उलट, नको म्हणणं म्हणजे तोंडावर दार आपटणं. यामांडूनं एक घोट ओढला, गरम पाणी भरलं, तुंबा पुढे केला. रोसिनाला नर्स माबेलनं दोनदा बजावलं होतं — स्वतःचा तुंबा, स्वतःची नळी, दुसऱ्या कुणाची नाही. पण हात आपोआप पुढे गेला. जन्माची सवय... आणि थोडे त्याचे डोळे.

दहाव्या दिवशी तिला एकोणचाळीस अंश सेल्सिअस ताप भरला. पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या. पाच दिवस दवाखान्यात, आणि तिसरी केमो आठवडाभर पुढे.

त्यामुळे दोघींचे गुरुवार वेगळे झाले. दोन्या एलिदाची पाळी आटोपली तेव्हा रोसिनाची खुर्ची रिकामी होती, आणि का रिकामी, ते माबेलनं यामांडूला सांगितलं. पुढच्या गुरुवारी रोसिना आली, तर तो दारात उभा. एकटाच. काखेत दोन तुंबे, आणि एक नळी स्वच्छ फडक्यात गुंडाळलेली.

"आई कुठाय?"

"घरी. तिची केमो झाली मागच्या आठवड्यात."

"मग तू कुणाबरोबर आलास?"

"माफी मागायला आलोय." त्यानं फडकं पुढे केलं. "वीस मिनिटं उकळलीय. ही तुझी. मी तिकडे बसतो, लांब."

"माफी मागून झाली की जाशील?"

"मला वेळ लागतो. मी हळू मागतो."

माबेल सुई लावता लावता म्हणाली, "अरे, ताप त्या नळीनंच आला असं कुणी सांगावं? दहाव्या दिवशी पेशी पडतातच. आपल्याच तोंडातले जंतूसुद्धा—"

"माबेल, गप्प बस," रोसिना म्हणाली. "थोडे दिवस गुन्हेगार राहू दे त्याला. उपयोगी पडतो."

आणि पडलाही. संध्याकाळी ती नदीच्या रस्त्यानं दिव्याचे खांब मोजत चालायची, तो दोन हात मागून. बऱ्या दिवशी तीस खांब. वाईट दिवशी चार, आणि चौथ्याला धरून उभं राहणं.

"टकलू, बस झालं. परत फिर."

"अजून एक."

"पडशील!"

"मग उचल. मागे कशाला चालतोस, शोभेला?"

आणि पाचवा खांब ती गाठायचीच.

चौथ्या केमोच्या दिवशी सलाईनचे थेंब बघत तो म्हणाला, "रोसिना, मला तुला—"

"नाही. सहावी, शेवटची केमो संपेपर्यंत नाही."

"का पण?"

"आत्ता तू बोलशील ते कीव येऊन. मी हो म्हणेन ते घाबरून. मला दोन्ही नकोत."

"आणि सहावी संपल्यावर?"

"तपासण्या होतील. त्या चांगल्या आल्या तर बोल. नाही आल्या तर... तू मोकळा."

"मला मोकळं व्हायचंय का, ते विचारलंस?"

"मास्तरीण मी आहे. प्रश्न मी विचारते."

 पाचव्या केमोलाही तो आला, ट्रकची फेरी दुसऱ्याला देऊन. तो विषय काढला नाही, आणि ते न बोलणं तिला ऐकू येत राहिलं.

पाचव्यानंतरचा दहावा दिवस. यामांडू दुपारी तिच्या घरी पोचला तेव्हा ती ओसरीत बसली होती. तोंड आलेलं, जिभेवर, गालांच्या आतून फोड. थुंकी गिळतानाही डोळ्यांत पाणी. सकाळपासून ती शाळेच्या पाटीवर खडूनं लिहून बोलत होती. आज रुमालही नव्हता डोक्यावर.

"रक्ताचा रिपोर्ट?" त्यानं विचारलं.

पाटीवर उत्तर — 'पेशी कमी. सहावी लांबली. कदाचित दोन आठवडे.'

"दोन तर दोन. थांबतो मी."

ती त्याच्याकडे बघत राहिली. दोन आठवडे, मग तपासण्या, मग त्यांचा निकाल... तोवर हा माणूस असाच दोन हात मागून चालणार, तिनंच घातलेल्या अटीवर. आणि आज ना तिला भीती वाटत होती, ना त्याच्या डोळ्यांत कीव दिसत होती. नुसता राग येत होता, वाया चाललेल्या दिवसांचा. तिनं खडू उचलला, पाटीला टेकवला... आणि दोन्ही बाजूला ठेवून दिलं.

"थांबू..."

"रोसिना, बोलू नकोस! दुखेल. लिही."

तिनं मान हलवली. ओठ फाटला, रक्ताचा ठिपका आला. हातानं ओसरीचा खांब घट्ट धरून तिनं परत सुरुवात केली.

"थांबू... नकोस. आत्ताच... माझा हो."

यामांडू पायरीवर बसला. "लिहून दिलं असतंस तरी चाललं असतं, वेडे..."

तिनं पाटी ओढली. 'नसतं चाललं. पाटीवरचं पुसता येतं.'

मग तो जवळ सरकला, आणि तिच्या उघड्या डोक्यावर, कानाच्या थोडं वर, ओठ टेकवले. अंगाला संत्र्यांचा वास होताच. तिनं नाक दाबलं, पण त्याला ढकललं नाही.

तर त्या दुपारचा हिशोब असा. शब्द एकूण पाच. दर शब्दाला एक कळ, आणि ती सोसली तिनं एकटीनं. यामांडूला पाचही फुकटात मिळाले.