पालथा घातलेला दगड

"ग्रिफआजोबा, बाकासाठी टेकडीवरचे दोन दगड उचलून आणू का?"

"खबरदार! बसा आधी. चहा घ्या, आणि मध्ये बोलू नका. ही ऐकीव गोष्ट नाही."

इडवल माझा शेजारी. दगडी कुंपणं रचायचा. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. बैल धडकला तरी हलायचा नाही. जत्रेत त्याच्या कुंपणाला पहिलं बक्षीस मिळालं, तेव्हा गडी महिनाभर हवेत होता.

दगड टेकडीवरच्या किल्ल्याचे. इंग्रज सरदाराचा किल्ला, असं सगळेच म्हणत. त्याने आपल्या वेल्सच्या लोकांना लुटलं, मग त्याचे दगड नेण्यात पाप कसलं? आजापणजाने नेले, मीही नेले.

२००९ साल, नोव्हेंबरची चौदा तारीख, शनिवार. दुपारी शाळेतली हेलेद बाई त्या बक्षिसाच्या कुंपणापाशी थबकली. एका दगडावर अक्षरं होती.

"इडवलकाका, तो किल्ला सरदाराचा नाहीच. त्याच्याही हजार वर्षं आधीचा, रोमन शिपायांचा कोट आहे. आणि हा थडग्याचा दगड. बापाने लेकीसाठी कोरून घेतलाय. तीन वर्षांची होती हो. परत ठेवा."

"परत? गाव म्हणेल, पोरीच्या थडग्यावर बक्षीस मिळवलं इडवलने!"

"खरंच आहे की ते."

"बघू उद्या," म्हणाला. आणि ती गेल्यावर मला हाक मारली. दोघांनी तेवढा भाग उतरवला, अक्षरं आत करून दगड पालथा घातला, वर पुन्हा रचलं. होय, मीही हात लावला. आजही सांगताना मान खाली जाते.

त्याच रात्री, अकराला दहा कमी असताना, वरच्या कुरणाचं फाटक लागलंय का बघायला इडवल निघाला. थंडी कडक. दव गोठलेलं. वाटेवर पावलं वाजली. खिळे मारलेल्या वहाणांची, रोमन शिपाई घालत तसल्या.

"कोण, ग्रिफ?"

खट्... खट्...

त्याने बॅटरी विझवली. ताऱ्यांच्या उजेडात एक माणूस कुंपणाच्या कडेने येत होता. एकेका दगडावर तळहात ठेवत. ठेवायचा... थांबायचा... मग पुढचा.

त्या दगडापाशी आला. हात फिरवला. पुन्हा फिरवला. सपाट पाठ. काही नाही.

मग तो इडवलकडे वळला. नुसता बघत राहिला...

"इथेच आहे." एवढंच म्हणायचं होतं. इडवलच्या तोंडून निघालं नाही. भीतीने नव्हे रे, म्हणायचा. लाजेने.

माणूस पुढच्या दगडाकडे सरकला. खट्... खट्...

उजाडायच्या आत इडवलने माझं दार ठोठावलं. "चल. परत ठेवू. हसू दे गावाला." कुंपणावरचं दव जसंच्या तसं गोठलेलं होतं. बाहेरून कुणी बोटसुद्धा लावलेलं नव्हतं. आम्ही दगड काढला, उलटवला. आतली बाजू कोरडी, धुळीने माखलेली.

आणि अक्षरांवर एक ओला तळहात उमटलेला... माझ्या तीन बोटांएवढा.