ओसाकाची माती

मी उदगीरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते आणि रविवारी माझा थोरला भाऊ वैजनाथ जुन्या जपानी व्यावसायिक कुस्त्यांवर बोलतो, त्याचे व्हिडिओ काढते. हसा खुशाल, कॉलेजात सगळे हसतात. पण माळेगावच्या जत्रेत मानेवर पडल्यापासून पैलवान दादा भिंतीकडं तोंड करून पडून होता. या जपान्यांनी त्याला उठवून बसवलं. मान आणखी एकदा हिसकली तर माणूस हातचा जाईल, असं लातूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून गळ्यात सदानकदा पट्टा.

परीक्षण मात्र झकास करायचा. "ह्ये बघा, कंबर धरून मागं उलटा टाकला! आपल्याकडं शिट्टी मारून मारून पंचाचा दम गेला असता." शेवट आधीच ठरलेला असतो, असं कुणी खाली लिहिलं की चिडायचा. "शेवट ठरलेला असंल, पर पडनं खरं हाय."

श्रावणात एका प्रेक्षकानं एक कुस्ती पाठवली. ओसाका, सत्तरच्या दशकातली, चित्र पिवळट. काळ्या चड्डीतला एक दांडगा मल्ल घंटेआधी तळहात पुढं करतो. समोरच्या गड्याकडं नव्हे, कॅमेऱ्याकडं.

"सलामीची माती द्यायलाय बघ," दादा म्हणाला. आमच्याकडं कुस्ती लागताना एक मल्ल माती पुढं करतो. दुसऱ्यानं ती घेऊन कपाळाला लावली की कुस्ती लागली. मग माघार नाही.

"दादा, खाली पांढरं कापड आहे. माती कुठली आली?"

पुन्हा लावली तेव्हा तो हात जरा जास्त वेळ पुढं राहिला. मला आपलं वाटलं, भास असेल. त्यानंतर तळहातात काहीतरी तांबूस दिसलं. जुन्या टेपचे रंग उतरतात, मी म्हटलं. मग एकदा समोरचा गडी रिंगणात नव्हताच. फाइल तीच, तारीख तीच, आकार तोच. माझं डोकं फिरलं. मी ती खोडून टाकली.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आले तर लॅपटॉपच्या बटणांवर लाल माती. तेल, हळद, ताक घातलेल्या त्या मातीचा वास मला लहानपणापासून ठाऊक. दादा आखाड्याची माती डब्यात भरून उशाशी ठेवायचा. "सांडलीस ना?" करवादत मी ती गोळा केली. आखाड्याची माती आम्ही झाडूनं लोटत नाही, पायदळी येऊ देत नाही. आईनं वळणच तसं लावलंय. मुठीत घेतली आणि सवयीनं कपाळाला लावली.

दादा दारात उभा होता. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"तनुजा, डबा तर म्या मागल्या आठवड्यातच तालमीत दिला."

मी पडद्याकडं पाहिलं. खोडलेली कुस्ती चालू होती. त्या मल्लाचा तळहात रिकामा होता.

"दे ती माती इकडं."

"अरे, काय वेड्यासारखं..."

"दे म्हनतो ना! तुझी न्हाई ही कुस्ती. माझी हाय."

त्यानं माझा हात धरून माती आपल्या तळव्यावर घासून घेतली, माझं कपाळ पुसलं, ती स्वतःच्या कपाळाला लावली. मला रडूच फुटलं. "येडी गं येडी," म्हणत तो हसला. मग दोघांनी पिठलं-भाकरी खाल्ली.

सकाळी मी लॅपटॉप कपाटात घातला, कुलूप लावलं, किल्ली घेऊन कॉलेजात गेले.

परत आले. कुलूप तसंच होतं.

दादा सतरंजीवर उताणा. गळ्यातला पट्टा घडी घालून खुर्चीवर ठेवलेला.

मान मोडली होती.

"गच्चीवरून पडले का?" दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "खूप उंचावरून पडलेत."

आमच्या घराला गच्ची नाही. पत्रे आहेत.

आंघोळ घालताना चुलतभाऊ एकमेकांकडं बघायला लागले. दादाच्या पाठीवरचे दोन्ही खवाटे मातीनं लाल झाले होते. चीतपट.

तेरावं झाल्यावर मी कपाट उघडलं. निकाल लागला होता. आता तरी हे थांबायला हवं होतं.

पडद्यावर तो एकटाच होता. हात आता पुढं केलेला नव्हता. गुडघ्यात वाकून, माझ्याकडं बघत, तो घंटेची वाट पाहत होता.

मी माझा हात उजेडात धरला. इतके दिवस भांडी घासली, धुणं धुतलं. तरी अंगठ्याच्या नखाखाली लाल माती होती. दादाला ती दिसली नव्हती.